सोंडकिड्याचं काळं कवच

सोलापूर जिल्ह्यात ज्वारी साठवणाऱ्या घराला सोंडकिडा कसा दिसतो हे सांगावं लागत नाही. लांबी जेमतेम ३ मिलिमीटर, रंग काळपट तपकिरी, पाठीवर चार पुसट तांबूस ठिपके आणि डोक्यापुढे आलेली सोंड. पोत्यात हात घातला की बोटांवरून चढायला लागतो, आणि जरा धक्का लागला की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग घेतो. आमच्याकडे त्याला नुसतं सोंडा म्हणतात. शास्त्रीय नाव सायटोफिलस ओरायझी. तांदूळ, गहू, मका, ज्वारी, त्याला काहीही चालतं.

माझे वडील सोलापुरातल्या बाळीवेशीत धान्याचा व्यापार करत. मंगळवेढ्याची, मोहोळची, बार्शीकडची मालदांडी ज्वारी दुकानात यायची आणि तिच्याबरोबर सोंडेही यायचे. वडिलांना त्यांचा मनापासून राग. माल तोलात घटतो, दाणा पोकळ होतो, पिठाला वास लागतो आणि एकदा दुरावलेलं गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. त्यांचं बरोबरच होतं. मी पुढे प्राणिशास्त्र शिकले, आता इथेच एका महाविद्यालयात शिकवते, आणि माझा जीव मात्र याच किड्यावर जडला. त्याच्या पोटात कोण राहतं ते मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, आणि तेव्हापासून पोत्यात फिरणारा सोंडा मला एकटा वाटत नाही. आज त्याबद्दलच लिहिणार आहे, आणि जरा सविस्तर लिहिणार आहे.

मादी सोंडेच्या टोकाला असलेल्या बारीक जबड्यांनी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोकाचं तोंड चिकट स्रावाने बुजवून टाकते. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून बाजारात आपण मूठभर ज्वारी हातात घेऊन, फुंकर मारून, ‘माल स्वच्छ आहे’ म्हणतो तेव्हा आत काय चाललंय हे आपल्याला कळलेलं नसतं. अंड्यातून निघणारी अळी पांढरी, बिनपायाची, वाकडी असते. पाय नसले तरी तिचं अडत नाही, कारण तिला कुठे जायचंच नसतं. खाणं, वाढणं, कात टाकणं, कोषात जाणं, सगळं त्या एका दाण्यात. उबदार हवेत महिना-सव्वा महिन्यात पूर्ण वाढलेला किडा दाणा पोखरून बाहेर येतो. घरातल्या माणसांना पत्ता लागतो तो तेव्हा.

म्हणजे शरीर घडवायला लागणारं सगळं सामान या जीवाला एका दाण्यातून काढायचं असतं. दाण्यात पिष्ट भरपूर असतं, त्यामुळे ताकदीला तोटा नाही. पण प्रथिनं कमी, आणि जी असतात त्यांची घडणही एकांगी. काही अमिनो आम्लं हवी त्या प्रमाणात नसतात, ब गटातली काही जीवनसत्त्वं अपुरी पडतात. आणि याच तुटपुंज्या शिध्यावर या किड्याला अंगावर चिलखत चढवायचं असतं.

सोंडा बोटांत धरून दाबून बघा, सहजी चिरडत नाही. ते कवच कायटिन आणि प्रथिनांचं असतं, पण नुसतं कायटिन आणि प्रथिन मऊच राहतं. त्याला टणकपणा आणि काळा रंग येतो तो टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लामुळे. टायरोसिनपासून डोपा तयार होतं, डोपापासून पुढची रसायनं बनतात, ती प्रथिनांचे धागे एकमेकांत घट्ट गुंतवून टाकतात आणि कवच कडक होतं. टायरोसिन फेनिलअ‍ॅलॅनिनपासून बनवता येतं, पण फेनिलअ‍ॅलॅनिन कुठल्याच प्राण्याला स्वतः तयार करता येत नाही. तुम्हाला नाही, मला नाही, सोंड्यालाही नाही. ते खाण्यातून मिळवावं लागतं. वनस्पती, बुरशी आणि जिवाणू मात्र ते मुळापासून बनवू शकतात.

सोंड्याने जिवाणू पाळले आहेत.

ते आतड्याच्या पोकळीत इकडेतिकडे वाहत नसतात. अळीच्या अन्ननलिकेचा पुढचा भाग जिथे मधल्या आतड्याला मिळतो तिथे एक खास अवयव असतो. त्याच्या पेशी जिवाणूंनी ठासून भरलेल्या असतात. हा अवयव पचनाला हातभार लावत नाही. जिवाणूंना ठेवणं, पोसणं आणि त्यांच्याकडून माल घेणं एवढंच त्याचं काम. इटलीतल्या उंबेर्तो पिएरान्तोनी यांनी १९२७ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि २०१४ मध्ये त्या जिवाणूला त्यांचंच नाव मिळालं: सोडालिस पिएरान्तोनियस. हा जिवाणू आईकडून अंड्यातूनच पिल्लाला मिळतो. सोंड्याची मादी अंडं घालते तेव्हा तिच्या बीजांडकोशातले जिवाणू त्या अंड्यात आधीच जाऊन बसलेले असतात.

हे बघायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही, म्हणून मला हा विषय विद्यार्थ्यांसाठी इतका मोलाचा वाटतो. किडकी ज्वारी पाण्यात टाकायची. पोखरलेले दाणे वर तरंगतात. ते टिपून घ्यायचे, पातळ पात्याने चिरायचे, बऱ्यापैकी वाढलेली अळी शोधायची आणि काचपट्टीवर सलाइनच्या थेंबात ठेवायची. दोन सुयांनी डोकं आणि शरीर हळूच विरुद्ध दिशांना ओढलं की आतडं बाहेर येतं, आणि त्या सांध्याशी पांढुरका गोळा दिसतो. तो दुसऱ्या काचेवर दाबून पसरायचा, सुकवायचा, रंग द्यायचा आणि तेलाच्या भिंगाखाली बघायचा. लांब, काड्यांसारखे जिवाणू दिसतात. एका अळीतले, एका दाण्यातले, आणि तरी दृष्टिक्षेत्र भरून जातं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आत्या राहायला आल्या होत्या. मी जेवणाच्या टेबलावर वाटीत दाणे घेऊन बसले होते. “अगं, किडकी ज्वारी फेकायची सोडून निवडत काय बसलीस?”
“आत्या, किडकीच निवडतेय. चांगली बाजूला ठेवलीय.”
त्यांना सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग म्हणाल्या, “आणि हे सगळं आपण दळून खाल्लंय म्हण की इतकी वर्षं.” खाल्लंच आहे. तव्यावर त्यातलं काही जिवंत राहत नाही, पण खाल्लं आहे हे खरं.

जिवाणू काय करतात हे कळायचं तर ते काढून टाकून बघावं लागतं. फ्रान्समधल्या लिऑन शहरात पॉल नार्दों यांनी १९७० च्या दशकात नेमकं तेच केलं. सोंड्यांना महिनाभर ३५ अंश सेल्सिअसच्या दमट हवेत ठेवलं. त्या उष्णतेने किडा मरत नाही, आतले जिवाणू मात्र संपतात. त्यानंतर जन्मलेल्या पिढ्या बिनजिवाणूंच्या. त्या जगतात, प्रजाही होते, पण अळी सावकाश वाढते, अंडी कमी होतात, कवच फिकं आणि मऊ राहतं, आणि उडणं जवळजवळ बंद होतं. त्या किड्यांना पँटोथेनिक आम्ल, बायोटिन, रायबोफ्लेविन अशी जीवनसत्त्वं आणि ती अमिनो आम्लं बाहेरून दिली की बरीचशी तूट भरून निघते. जिवाणू काय पुरवत होते हे त्यावरून समजलं.

लिऑनमध्ये हे काम पुढे अब्देलअझीझ हेद्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलं, आणि २०१४ मध्ये त्यांच्या गटाने जे दाखवलं ते वाचून मी दोन दिवस दुसरं काही वाचू शकले नाही.

कोषातून नुकताच बाहेर आलेला सोंडा फिका आणि मऊ असतो. त्या सुमारास त्याच्या आतड्याच्या बाजूला निघालेल्या बारीक पिशव्यांच्या टोकांना जिवाणू एकवटलेले असतात. आता कवच पक्कं करायची घाई असते. पहिल्या काही दिवसांत जिवाणूंची संख्या झपाट्याने वाढते, टायरोसिन आणि फेनिलअ‍ॅलॅनिन भराभर तयार होतं, शरीरात डोपा साठतो, कवच काळं आणि टणक होतं. आणि ते झालं की किडा जिवाणूंना संपवतो. ज्या पेशींत ते राहतात त्या पेशी स्वतःला मोडीत काढतात, आतले जिवाणू पचवले जातात, त्यांच्यातला ऐवज किड्याच्या शरीरात परत वापरला जातो. काही आठवड्यांच्या आत आतडं मोकळं. मादीच्या बीजांडकोशात तेवढे जिवाणू शिल्लक राहतात, कारण पुढच्या पिढीला ते द्यायचे असतात. नराच्या आतड्यात एकही ठेवला जात नाही.

शाळेच्या पुस्तकात सहजीवन शिकवताना दगडफूल किंवा हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी दाखवतात. दोघांचा फायदा, दोघे सुखी, धडा संपला. सोंड्याकडे बघितलं की ते चित्र फार गुळगुळीत वाटतं. इथे एक हिशेबी शरीर आहे. जिवाणू पोसायला साखर आणि ऊर्जा लागते, म्हणून गरज असेल तेवढेच दिवस ते ठेवायचे, गरजेच्या वेळी वाढू द्यायचे आणि काम झालं की मोडून खायचे. मला यात क्रूरपणा वाटत नाही. पण हे दोन जीव मित्र आहेत असं वर्गात सांगायला माझी जीभ आता वळत नाही. जिवाणूची पुढची पिढी टिकते एवढं खरं, आणि निसर्गात हा सौदा चालण्यासाठी तेवढं पुरतं.

किड्याचा धाक आधीपासूनच असतो. २०११ मध्ये याच गटाने दाखवलं की जिवाणूंच्या पेशींमध्ये कोलिऑप्टेरिसिन-ए नावाचं एक छोटं प्रथिन सतत तयार होतं. एरवी अशी प्रथिनं घुसखोर जंतूंना मारायला असतात. इथे ते जिवाणूंना मारत नाही, त्यांचं विभाजन अडवतं. म्हणूनच काचपट्टीवर ते इतके लांबुळके दिसतात: वाढतात, पण दोन तुकडे होत नाहीत. या प्रथिनाची निर्मिती मुद्दाम बंद केली तेव्हा जिवाणू आपली जागा सोडून शेजारच्या ऊतींमध्ये पसरायला लागले.

हा जिवाणू सोंड्याकडे आला तरी कुठून? सोंडवाल्या भुंगेऱ्यांच्या मोठ्या कुळात मुळात दुसराच एक जिवाणू राहत आला आहे. त्याचं नाव नार्डोनेला, पॉल नार्दों यांच्या सन्मानार्थ. पॅकिरिंकस नावाचा आशियातला एक सोंडकिडा इतका कडक असतो की संग्रहालयात टाचणीही जाता जात नाही. त्याच्यातला नार्डोनेला युगानुयुगं आत राहून इतका आटला आहे की टायरोसिन बनवण्यापलीकडे त्याच्याकडे फारसं काही उरलेलं नाही. जपानी शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये ते दाखवलं. धान्यातल्या सोंड्याच्या पूर्वजांनी मात्र हा जुना जिवाणू गमावला आणि त्याच्या जागी सोडालिस आला. तेही अगदी अलीकडे: जनुकांवरून काढलेला अंदाज सुमारे २८ हजार वर्षांचा आहे. उत्क्रांतीच्या मापाने ही कालपरवाची गोष्ट. जनुकसंचात त्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. बिघडलेल्या, निकामी झालेल्या जनुकांचे ढीग पडले आहेत. आत सगळं आयतं मिळत असल्यावर कितीतरी जनुकं जपायचं कारणच राहिलं नाही.

आणि या सोडालिसचा मोकळा राहणारा नातेवाईक सापडला तो माणसाच्या हातात. अमेरिकेत इंडियाना राज्यात एका वयस्क माणसाच्या हातात रानटी सफरचंदाची वाळकी फांदी घुसली. जखमेतून जो जिवाणू वाढवला तो कोणत्याच ओळखीच्या जंतूशी जुळेना. युटा विद्यापीठातल्या कॉलिन डेल यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की तो किड्यांमधल्या सोडालिसचा अगदी जवळचा भाऊबंद आहे. म्हणजे झाडाझुडपांवर असे जिवाणू मोकळे असतात, आणि त्यांच्यातलेच काही कधीतरी किड्यांच्या शरीरात शिरून कायमचे राहिले. मी हा शोधनिबंध दरवर्षी वर्गात सांगते. मुलं जखमेच्या गोष्टीने जागी होतात आणि मग जनुकांपर्यंत येतात.

ज्वारीचा तुटपुंजेपणा आपल्यालाही नवा नाही. दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्या गरीब कुटुंबांत पेलाग्रा हा रोग आढळायचा: उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, जुलाब होतात, डोक्यावर परिणाम होतो. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीत जास्त असलेल्या ल्यूसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. त्यामुळे नायसिन या जीवनसत्त्वाचं गणित बिघडतं असं त्यांनी मांडलं. ज्वारी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. नुसत्या ज्वारीवर राहावं लागणं वाईट. आपल्या ताटात कडक भाकरीबरोबर तुरीची आमटी, शेंगाची चटणी, हरभऱ्याची भाजी येते, आणि दाण्यात जे कमी असतं ते तिथून भरून निघतं. सोंड्याच्या अळीला दाण्याबाहेर पडता येत नाही. तिची आमटी आणि चटणी पोटातच बनते.

सोंड्यानंतर मी इतर भुंगेऱ्यांकडेही बघायला लागले. सोलापूरच्या आजूबाजूला त्यांना तोटा नाही.

उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हुमणी माहीत आहे. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी बाभळीवर, कडुलिंबावर भुंगेरे जमतात, आणि नंतर त्यांच्या अळ्या उसाची मुळं खातात. त्या अळीचा मागचा भाग काळपट, फुगीर आणि अर्धपारदर्शक असतो. तोच तिच्या जिवाणूंचा कारखाना. मधल्या आतड्यात कमालीचा अल्कधर्मी रस आणि मागच्या फुगलेल्या आतड्यात जिवाणूंच्या झुंडी, अशा दोन टप्प्यांत मुळांचा चोथा पचतो.

विडीच्या तंबाखूत आणि हळकुंडात जो बारीक तांबूस भुंगेरा होतो, त्याच्या आतड्याशी असलेल्या पिशव्यांत जिवाणूंऐवजी किण्वासारखी बुरशी राहते. तिलाही जीवनसत्त्वं पुरवायचं काम आहे, आणि विषारी रसायनं मोडायचंही. शहराच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका तंबाखू निवडताना त्याला बाजूला झटकतात, तेव्हा मला तिथेच थांबून त्यांना हे सांगावंसं वाटतं.

नान्नजच्या माळावर, माळढोकच्या अभयारण्याच्या अंगाने, पहिल्या पावसानंतर गेलात तर ताज्या शेणाशी थोडा वेळ बसा. तिथे शेणकिडे असतात. लोक गोळा ढकलत नेणारा किडा बघायला थांबतात, पण मला जास्त ओढ आहे ती शेणाखालीच बोगदा खणणाऱ्या लहान शेणकिड्यांची, ऑन्थोफॅगस या गटातल्यांची. मादी बोगद्यात शेण नेऊन त्याचा गोळा करते, आत छोटी खोली ठेवते आणि एकच अंडं घालते. पण ते अंडं शेणावर थेट ठेवत नाही. आधी स्वतःच्या विष्ठेचा एक लहानसा ओटा तयार करते आणि त्यावर ते उभं करते. अळी बाहेर आली की पहिला घास त्या ओट्याचा. आईच्या आतड्यातले जिवाणू असे तिच्या पोटात जातात. पुढे ती आपली विष्ठा पुन्हा पुन्हा गोळ्याच्या आतल्या भिंतींना सारवते, ते शेण पुन्हा खाते, आणि जिवाणूंच्या मदतीने तो सगळा गोळा तिला पचण्याजोगा होत जातो. इंडियाना विद्यापीठातल्या आर्मिन मोचेक यांच्या गटाने तो ओटा काढून टाकून पाहिला. अळ्या हळू वाढल्या, लहान राहिल्या, आणि गोळा सुकायला लागला किंवा तापमान वरखाली झालं तेव्हा हा फरक आणखी वाढला. आमच्या माळावरचं ऊन ज्याने अंगावर घेतलंय त्याला हा शेवटचा मुद्दा लगेच पोचेल.

आणि बेशरम. कालव्याच्या कडेने, ओढ्यात, गटारालगत फुलणारी ती गुलाबी जांभळी फुलं. तिच्या पानांवर कासवासारखे चपटे किडे बसलेले दिसतात, कवचाची कड पारदर्शक. याच कुळातल्या युरोपातल्या एका जातीवर हसन सालेम यांनी २०१७ मध्ये काम केलं. या किड्यांना पानातल्या पेशींच्या भिंतींमधलं पेक्टिन फोडता येत नाही, ते काम स्टॅमेरा नावाचा जिवाणू करतो. त्याचा जनुकसंच डीएनएच्या जेमतेम २.७ लाख अक्षरांचा आहे. आपल्या आतड्यातल्या साध्या ई. कोलायचा ४६ लाखांचा असतो! स्टॅमेराकडे जवळजवळ काही उरलेलं नाही, पण पेक्टिन फोडायची विकरं उरली आहेत. मादी प्रत्येक अंड्याच्या टोकाला जिवाणूंनी भरलेली बारीकशी टोपी चिकटवते आणि पिल्लू अंड्यातून निघताना ती खातं. टोपी काढून टाकली तर बहुतेक पिल्लं जगत नाहीत. बेशरमाच्या पानामागे या किड्यांची अंडी मिळाली की मी भिंग काढून आधी टोकं बघते.

वडिलांच्या धंद्यातले लोक मला विचारतात, याचा आम्हाला उपयोग काय. हा प्रश्न मला हलका वाटत नाही, कारण त्यांचा माल खरोखर खराब होतो. गोदामांत फॉस्फिन वायू सोडणाऱ्या गोळ्यांवर सगळी भिस्त आहे आणि त्या वायूला दाद न देणारे सोंडे आपल्या देशातही सापडले आहेत. घरात तर या गोळ्या वापरूच नयेत, बंद खोलीत माणसं दगावतात. अशा वेळी किड्याऐवजी त्याच्या जिवाणूवर नेम धरता येईल का, हा विचार फार मोलाचा आहे. धान्यातल्या दातेरी भुंगेऱ्यावर २०२१ मध्ये हे करून पाहिलं गेलं. त्याच्याही शरीरात टायरोसिनचा कच्चा माल पुरवणारा जिवाणू आहे. ग्लायफोसेट या तणनाशकाने तो जिवाणू बंद पडला आणि भुंगेऱ्यांचं कवच पातळ राहिलं. तणनाशक धान्यावर मारा असं कोणी म्हणणार नाही, मी तर नाहीच. पण किड्याचं कवच कुठून येतं हे कळल्याने त्याची दुखरी जागा कळली, एवढं नक्की.

मला स्वतःला ओढ आहे ती उष्णतेची. नार्दों यांना प्रयोगशाळेत जे तापमान मुद्दाम तयार करावं लागलं, ते सोलापूरच्या पत्र्याच्या गोदामात उन्हाळाभर फुकट असतं. मे महिन्यात इथला पारा अनेकदा ४० च्या वर जातो. आपल्या आया-आज्या चैत्र-वैशाखात गच्चीवर ज्वारी वाळवायच्या, बिब्बे आणि कडुलिंबाचा पाला घालून कणगीत भरायच्या. दाणा ५० अंशांच्या वर तापला की आतली अळीही मरते, हा त्या वाळवणाचा उघड फायदा. मंगळवेढ्याकडे जमिनीत पेव खणून ज्वारी साठवायचे, तिथे दाण्यांच्याच श्वासाने हवा कोंडली जायची आणि किडा गुदमरायचा. या दोन्हींच्या मधली अवस्था मला बघायची आहे. किडा मरेल इतका तापला नाही, पण महिनाभर ३५ अंशांच्या वर राहिला, असा सोंडा आपल्या गोदामांतून नक्की मिळेल. त्याच्या पोटात जिवाणू किती उरतात, आणि त्याचं कवच शेजारच्या थंड खोलीतल्या सोंड्याच्या मानाने फिकं असतं का?

येत्या उन्हाळ्यात तृतीय वर्षाच्या मुलामुलींना घेऊन हेच करायचं ठरवलं आहे. वर्गाच्या खालच्या खोलीत एक बरणी, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुसरी, दोन्हींत एकाच पोत्यातली ज्वारी, शेजारी तापमापक आणि आर्द्रतामापक. महिन्याने दोन्हींतले ताजे सोंडे काढून आतडी उघडायची, काचपट्ट्या रंगवायच्या आणि मोजायचं. दमटपणाचा हिशेब वेगळा लागेल, कारण आपलं ऊन कोरडं आहे. म्हणून तिसऱ्या बरणीत ओलावा धरून ठेवायची सोयही करणार आहोत.

त्यासाठी मला वेगवेगळ्या गावांतले सोंडे हवे आहेत. सोलापुरात राहत असाल, ओळखीचे असाल आणि घरच्या ज्वारीत कीड झाली असेल, तर ती उन्हात टाकण्याआधी ओंजळभर माझ्यासाठी ठेवा. बरणीच्या तोंडाला पातळ कापड बांधा, म्हणजे किडे बाहेर येणार नाहीत आणि गुदमरणारही नाहीत. चिठ्ठीवर गाव, ज्वारी कुठल्या महिन्यात भरली आणि पोतं घरात होतं की पत्र्याखाली, एवढं लिहा. गोळ्या टाकलेली ज्वारी मात्र आणू नका.